मोराच्या मागे गेलेली आक्का

आमच्या नांद्याच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक मोठा फोटो दिसतो. आबांच्या पंच्याहत्तरीला सगळं घर एकत्र उभं राहिलं होतं, तो. वर आंब्याच्या पानांचं तोरण, खाली कोयऱ्यांची रांग, आणि डाव्या-उजव्या बाजूला एकेक उभा मोर. ही सगळी बॉर्डर मी लावलेली आहे. येणारा पाहुणा आधी मोर बघतो, मग खुर्चीवर बसलेल्या आबांना बघतो आणि मग डाव्या मोरापाशी थांबतो. कारण त्या मोराच्या पिसाऱ्यातून चार बोटं बाहेर आलेली आहेत. ती माझ्या मुलीच्या खांद्यावर टेकलेली आहेत. बोटांमागे थोडं मनगट, मनगटावर हिरव्या काचेची अर्धी बांगडी, आणि तिथून पुढे मोर.

"ही बोटं कुणाची?" असं विचारलं, की घरात जो असेल तो सांगतो, "आमच्या आक्काची. ती मोराच्या मागे आहे."

बारा वर्षं हे चाललं आहे. पाहुणे हसतात, घरचे हसतात, त्यांच्याबरोबर मीही हसत आलो. आक्का मोराच्या मागे कशी गेली हे एकट्या मला माहीत होतं, आणि मी ते कुणाला सांगितलेलं नव्हतं. निदान मला तरी तसं वाटत होतं.

बॉर्डरचा नाद मला कंपनीत लागला. हिंजवडीच्या एका कंपनीत मी ॲडमिनला आहे. खुर्च्या, पाण्याचे जार, कॅबचे पास आणि बंद पडलेले एसी, एवढं आमचं जग. एकदा साहेबांना वाटलं, की दर महिन्याला ज्यांचे वाढदिवस असतील त्यांच्या फोटोंचं एक पान करून बोर्डावर लावावं. म्हणून माझ्या मशीनवर फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर आलं, आणि त्यात बॉर्डरचा एक फोल्डर निघाला. मला घबाड सापडल्यासारखं झालं. जरीच्या बॉर्डर, दोरखंडाच्या बॉर्डर, पोस्टाच्या तिकिटासारख्या दातेरी बॉर्डर, वेली, शंख, पणत्या. कुठली लावू आणि कुठली नको. पहिल्याच महिन्यात एका तेलुगू इंजिनियरच्या फोटोला मी दाट झेंडूची बॉर्डर लावली. तो दुपारी माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "सर, मैं ज़िंदा हूँ. ये घर पे गया तो माँ रो देगी." तेव्हापासून वाढदिवसाला झेंडू बंद.

मग गावातली बारशी, साखरपुडे, दुकानांची उद्घाटनं माझ्याकडे यायला लागली. बायकोला हे सगळं फार गमतीचं वाटायचं. "साडीच्या दुकानात पाच मिनिटांत घाम फुटतो तुम्हाला," ती म्हणायची, "आणि इथे लोकांच्या फोटोला काठ निवडायला दोन-दोन तास बसता." थोरले दादा म्हणायचे, "ह्याच्या फोटोत माणूस औषधाला, बाकी सगळी फुलं." मला वाईट वाटत नसे. मी मुळात कमी बोलणारा माणूस. आपण लावलेल्या वेलबुट्टीवर लोक दोन शब्द बोलतात, यात मला आनंद होता.

तर पंच्याहत्तरी.

माझी बायको आणि वहिनी, दोघींनी ठरवलं की घरातल्या सगळ्या बायकांनी जांभळी साडी नेसायची. फोटोत एकसारखं दिसेल. घरच्या ग्रुपवर तसा निरोप गेला. पण आक्का, म्हणजे आमची थोरली बहीण, मुठ्याला दिलेली, तिच्याकडे तेव्हा बटणांचा साधा फोन होता. ती ग्रुपवर नव्हती. बायको मला म्हणाली, "वन्संना तुम्ही फोन करा. लक्षात ठेवा हं." मी हो म्हणालो. त्याच दिवशी कंपनीत कॅबवाल्यांनी काहीतरी गोंधळ घातला. संध्याकाळी बायकोने विचारलं, "केला का?" मी सांगून टाकलं, "केला." उद्या करू, असं मनात म्हणालो. उद्या आठवलं नाही. आठवलं ते थेट कार्यक्रमाच्या सकाळी, दाजींच्या मोटरसायकलवरून मांडीवर तांदळाचं गाठोडं घेतलेली आक्का अंगणात उतरली तेव्हा.

तिच्या अंगावर पोपटी साडी होती. धुऊन धुऊन मऊ पडलेली, काठाची जर काळवंडलेली. पहाटे उठून घरचं सगळं उरकून, इथे येऊन पुन्हा चुलीपुढेच बसायचं आहे, अशा हिशेबाने नेसलेली साडी. तिने पडवीतल्या बायका बघितल्या आणि म्हणाली, "अगं बया, तुमी समद्या वांग्यावानी दिसताया की. आन मी मिरची."

सगळ्या हसल्या. हसता हसता वहिनींनी विचारलं, "वन्सं, तुम्हाला कळवलं नव्हतं का?"

मी तिथेच होतो. धूळ बसावी म्हणून अंगणात पाणी मारत होतो, हातात बादली होती. आक्काने माझ्याकडे एकदा बघितलं. जास्त नाही, एकदाच. मग वहिनींना म्हणाली, "कळवलं आसंल की. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई." आणि पदर खोचून आत गेली. मी बादली होती तिथेच टेकवली आणि खुर्च्या मांडायला लागलो.

दुपारी पिरंगुटहून आलेल्या फोटोवाल्याने सगळ्यांना उभं केलं. आबा मधल्या खुर्चीवर. आबांना फोटोचा मनस्वी कंटाळा. "माझं थोबाड बघून काय करताय," असं म्हणून ते आयुष्यभर कॅमेऱ्यापुढून उठून गेले होते. त्या दिवशी मात्र बसले. आक्काला स्वयंपाकघरातून हाक मारून आणावं लागलं. ती हात पुसत आली आणि डाव्या टोकाला उभी राहिली. शेजारी माझी सहा वर्षांची मुलगी सारखी वळवळत होती, म्हणून तिच्या खांद्यावर आक्काने हात दाबून धरला. फोटो निघाला. निघताना आक्काने मला विचारलं, "मी आले न्हवं फोटूत?"

"आलीस की," मी म्हणालो. ते खरंच होतं, त्या दिवसापुरतं.

शनिवारी ऑफिस रिकामं होतं. मी फोटो उघडला. जांभळ्या साड्या, पांढरे सदरे, आणि डाव्या टोकाला तो पोपटी ठिपका. कुठूनही बघायला सुरुवात केली तरी डोळा तिथेच जाऊन थांबायचा. मला पुढचं सगळं दिसायला लागलं. हा फोटो भिंतीवर लागणार. येणारा प्रत्येकजण विचारणार, ही एकटी हिरवी का? कुणीतरी म्हणणार, तिला सांगितलं नव्हतं. मग कुणी सांगायचं होतं, याची चौकशी होणार. आणि फोन केला असं मी बायकोला सांगून बसलो होतो.

आता थोडं कामातलं सांगतो, कारण माझी सगळी लबाडी त्यातच आहे. फोटोला बॉर्डर दोन तऱ्हांनी लावता येते. एक म्हणजे फोटोच्या वरच ठेवायची. मग कडेचं जे असेल ते तिच्याखाली जातं. दुसरी म्हणजे आधी फोटोभोवतीचा कागद वाढवून घ्यायचा. त्याला कॅनव्हास वाढवणं म्हणतात. चारही बाजूंना कोरी जागा तयार होते, बॉर्डर त्या जागेवर बसते, आणि आतल्या कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही. याला तीन क्लिक लागतात. वाढदिवसाच्या पानावर मी दर महिन्याला तेच करत होतो. त्या शनिवारीही मला ते येत होतं.

मी मोरांची बॉर्डर घेतली आणि फोटोच्या वर ठेवली. तरी आक्का पुरती झाकली गेली नाही. मग मी डावा मोर धरून आत ओढला. थोडा जाड केला. उजव्या टोकाला दादा होते, म्हणून उजवा मोर बाहेर सारला. आक्का गेली, बोटं राहिली. ती पुसायचा मी प्रयत्न केला, पण बोटं पुसली की मुलीचा खांदा इस्त्रीने जळल्यासारखा दिसायचा. शेवटी म्हटलं, राहू देत. कोण बघतंय एवढं बारीक.

सगळ्यांनी बघितलं. लॅबमधून मोठी प्रिंट होऊन फोटो घरी आला आणि पहिलाच प्रश्न, "आक्का कुठाय?"

"लॅबवाल्याने घाण केली," मी म्हणालो. "मशीनमध्ये कडा कापल्या जातातच."

"मग परत काढून घे की," दादा म्हणाले.

"ओरिजनल उडालं. कॉम्प्युटर फॉरमॅट झाला."

ओरिजनल माझ्या कपाटात विम्याच्या कागदांखाली एका सीडीवर होतं. सीडीवर मी काहीच लिहिलं नव्हतं. पुढे सीडीचे दिवस संपले तेव्हा मी ते पेनड्राइव्हवर घेतलं, आणि पेनड्राइव्ह जुना झाल्यावर दुसऱ्यावर. उडालेली गोष्ट इतकी जपून ठेवणारा माणूस माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

आक्काने तो फोटो भाऊबीजेला बघितला. बराच वेळ त्याच्यापुढे उभी होती. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. ती म्हणाली, "मोर मातुर झ्याक हाय." आणि हसली. तिथून तो घरातला कायमचा विनोद झाला. दर भाऊबीजेला ताट हातात घेऊन ती म्हणायची, "थांब रं, मोराला इचारते, ओवाळू का म्हनून." पुढे तिच्याकडे मोठा फोन आला, ग्रुपवर आली, तर तिने स्वतःच्या नावापुढे मोराचं चित्र लावलं. माझी मुलगी मोठी झाली तशी तीही सामील झाली. कुणी नवीन पाहुणा आला की खांदा पुढे करून सांगायची, "आत्याने एवढा दाबला होता ना, अजून दुखतो." मी चहा आणायच्या निमित्ताने आत जायचो.

दोन वर्षांपूर्वी आबा गेले. हार घालायला फोटो हवा होता, तर आबांचा एकट्याचा धड फोटो नाही. मीच त्या ग्रुप फोटोतून त्यांना वेगळं काढलं.

यंदा आक्काने मुठ्याला नवं घर बांधलं. जुन्या घराच्या मागे, दोन खोल्या आणि पुढे ओटा. पलीकडे शहरातल्या लोकांचे शनिवार-रविवारचे बंगले आहेत. त्यांच्यापुढे ते पिटुकलं दिसतं, पण ओटा ऐसपैस आहे. वास्तुशांतीच्या आधी आठ दिवस तिचा फोन आला.

"मला आबांचा आन माझा फोटू पायजे. दोघं आसलेला. भितीवर लावायचाय."

"बघतो," मी म्हणालो.

"माझ्याकडं एक बी न्हाई. लग्नातला रोल खराब निघाला हुता. त्येच्यानंतर आबा कंदी हुबंच ऱ्हायलं न्हाईत." मग म्हणाली, "ते वरिजनल खरंच उडालं का रं?"

मी पुन्हा म्हणालो, "बघतो."

चार दिवस मी बघत होतो. खरं तर सोपं होतं. 'जुना पेनड्राइव्ह सापडला' म्हणायचं आणि द्यायचं मोकळं. पण फोटो उघडून बसलो तेव्हा लक्षात आलं, की हा फोटो माझं ऐकणार नाही. आक्काच्या डावीकडे चांगली दोन हात जागा मोकळी होती. तिथे मी सकाळी टेकवलेली बादली होती, बादलीच्या पलीकडे तुळस होती. मशीनने कडा कापल्या असत्या तर बादली गेली असती, फार तर तुळस. आक्कापर्यंत पोचायला कुणीतरी मुद्दाम यावं लागलं होतं. आणि नुसता फोटो देऊन गप्प बसलो, तर भिंतीवर रोज ते दिसणार. तिला, आणि तिच्याकडे गेलो की मला.

मी साधी प्रिंट काढली, बॉर्डर काही लावली नाही, आणि रविवारी दुपारी मुठ्याला गेलो. आक्का नव्या ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"फोटो मिळाला," मी म्हणालो.

"उडाल्याला?"

"उडाला नव्हता."

तिने सूप बाजूला ठेवलं, हात झटकले आणि फोटो घेतला. आधी आबांना बघितलं. "आबा हासत्यात की रं हितं," ती म्हणाली. "मोराच्या गडबडीत कंदी ध्यानातच आलं न्हाई." मग स्वतःला बघितलं.

मग मी बोललो. सगळं, घडलं त्या क्रमाने. फोन केला नव्हता. केला असं बायकोला सांगितलं होतं. साडी बघून मला लाज वाटली. तिची नाही, माझी. म्हणून मोर आत ओढला. लॅबवाल्याचा दोष नव्हता. कॉम्प्युटर फॉरमॅट झालेला नव्हता. आयुष्यात मी एका दमात इतकं कधी बोललेलो नाही.

"झालं?" आक्काने विचारलं.

"झालं."

"पानी पी."

मी पाणी प्यायलो. ती पुन्हा सूप ओढून तांदूळ निवडायला लागली. खाली बघतच म्हणाली, "डावा मोर उजव्यापरीस जाड हाय."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"पयल्याच भाऊबीजंला बघितलं मी. आंदळी हाय का काय मी? जल्मभर साड्यांचं काठ बघितल्यात. दोनी काठ सारखं नसलं तर दुकानदाराच्या अंगावर टाकतो आमी लुगडं. मशीननं कापलं आसतं तर दोनीकडनं सारखंच कापलं आसतं न्हवं? दादा बरा शाबूत ऱ्हायला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतोस का बघत हुते. बारा वरसं लावलीस. म्हस बी येवढा रवंथ करत न्हाई."

मला हसू आलं आणि ते येऊ नये असंही वाटलं. तिने एक खडा काढून अंगणात फेकला. मग म्हणाली, "फोन केला न्हाईस त्येचं काय न्हाई. इसरतं मानूस. पर माझ्याकडं जांभळी साडी हुती रं. पेटीत हुती, घडी मोडली न्हवती. सांगितलं आसतंस तर तीच नेसून आले आसते."

हे ती रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर मी कदाचित माफी मागितली असती. तसं काही करता आलं नाही. मी सुपातले तांदूळ निवडायला लागलो. थोड्या वेळाने तिने माझा हात बाजूला सारला. "ऱ्हाऊ दे. खडं ठेवून तांदूळ टाकतुयास तू."

निघताना फोटो माझ्या हातात देऊन म्हणाली, "आता ह्याला काठ लावून आन."

"नको आक्का. असाच बरा आहे."

"आसाच कसा? उगडाबोडका फोटू लावू व्हय नव्या घरात? पावणं म्हनतील, हिचा भाऊ साऱ्या मुळशीच्या फोटूंना फुलं लावत फिरतोय, आन भयनीच्या वक्ताला फुलं सपली."

"कुठला लावू?"

"मोर सोडून कायबी."

तिच्या खाटेवर एक वाकळ पसरलेली होती. तिच्या कडेला मला एक ओळखीचा पोपटी पट्टा दिसला. तीच साडी. काठाची जर आणखी काळी पडली होती, वरून पांढऱ्या दोऱ्याचे टाके गेले होते. मी फोन काढून त्या काठाचे जवळून फोटो घ्यायला लागलो. आक्का दारातून बघत होती. "त्या साडीवर तुजा लईच जीव दिसतोय," ती म्हणाली. "आदी झाकून ठिवलीस, आता फोटू काढतुयास."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी बसलो. कॅनव्हास वाढवला. तीन क्लिक. कोऱ्या जागेवर तो टाक्यांचा पोपटी काठ चारही बाजूंनी नेमका बसवला. अर्ध्या इंचाचा, नाजूक. चारी बाजू पट्टीने मोजल्या. आजवर लावलेल्या बॉर्डरांत मला ती सगळ्यात चांगली वाटली. प्रिंट काढली, पौडला फ्रेमवाल्याकडे टाकली आणि दाजींना सांगितलं, परस्पर घेऊन जा.

त्याच संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. वन्संचं काही बोलली नाही. म्हणाली, "मला मात्र तुम्ही 'केला' म्हणाला होता." आणि भाकरी थापत राहिली. दादा-वहिनींना फोनवर सांगितलं. दादा एवढंच म्हणाले, "तरीच म्हटलं, लॅबवाला मला कसा घाबरला." मोरांचा फोटो भिंतीवरून काढू का, असं मी आक्काला विचारलं होतं. तिनेच नको म्हटलं. "तुज्या पोरीच्या लग्नात पावण्यांना हासाया काय तरी पायजे."

वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. आत शिरल्या शिरल्या मी भिंतीकडे बघितलं. फोटो लागला होता, आणि माझा काठ नव्हता. जवळ जाऊन बघितलं. फ्रेमवाल्याने तयार फ्रेममध्ये बसावी म्हणून प्रिंट चारही बाजूंनी थोडी छाटली होती, आणि उरलेला काठ लाकडाच्या पट्टीखाली गेला होता. खालच्या बाजूला केसाएवढी एक पोपटी रेघ दिसत होती, तीही माहीत असलेल्यालाच. आत मात्र सगळे होते. आबा हसत होते. डाव्या टोकाला आक्का डोक्यापासून पायापर्यंत अख्खी उभी होती, माझ्या मुलीचा खांदा दाबून. तिच्या शेजारी बादली.

आक्का माझ्यामागे येऊन उभी राहिली. "काठ कुटं हाय?"

"लाकडाखाली गेला. फ्रेमवाल्याने कापला."

"फ्रेमवाल्यानं?" ती म्हणाली. "खरंच फ्रेमवाल्यानं ना?"

मी मान हलवली. तेवढ्यात शेजारच्या एक बाई फोटोपुढे आल्या. आबा कोणते ते विचारलं, जांभळ्या साड्यांचं कौतुक केलं, आक्काला ओळखलं. मग वाकून बघत म्हणाल्या, "आन ही बादली कुनाची हो मधीच?"

आक्काने मला हाताला धरून पुढे केलं.

"ह्येला इचारा," ती म्हणाली. "सांगतो त्यो समदं खरं. बारा वरसं थांबायची तयारी ठिवा फकस्त."